देणाऱ्यांच्या बाजूचे भोयर सर

भोयर सरांच्या घरी वाटी पाठवायची म्हणजे मला धास्तीच वाटायची. आमची आणि त्यांची भिंत एक. आमच्याकडे भरली वांगी झाली की मी परसातून हाक मारायची आणि सुमनवहिनींच्या हातात भिंतीवरून वाटी द्यायची. वाटी रिकामी परत करू नये ही रीत सगळ्यांकडेच असते. कोणी चार दिवसांनी त्यात साखर घालून देतं, कोणी साफ विसरून जातं, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. सरांकडून वाटी त्याच दिवशी परत यायची, काठोकाठ भरून, आणि आत जे असेल ते माझ्या वांग्यांपेक्षा जरा चढच. मग मला ओशाळं वाटायचं, मी पुन्हा काहीतरी पाठवायची, ते पुन्हा चढ. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "सर, वाटी उद्या आली असती तर भोयरांचं राज्य बुडालं असतं का?"

सर गंभीरपणे म्हणाले, "म्याडम, कोनाचं घेतलेलं आपल्या अंगावर राह्यलं का मानूस वाकते. मले वाकलेलं आवडत नाई."

आणि खरंच, सर ताठ होते. उंच, काटक, उन्हात रापलेले, खिशाला कायम लाल पेन. तपासायला वह्या नसल्या तर वर्तमानपत्रावर लाल खुणा करत बसत. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची. फाटकाबाहेर पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी. गाव बाभुळगाव आणि राळेगावच्या मधलं. नाव सांगून उपयोग नाही, एसटीच्या पाटीवरही ते कधी असतं, कधी नसतं.

सर कायम देणाऱ्यांच्या बाजूचे. लग्नातला आहेर असो, शाळेची वर्गणी असो, नाही तर देशाचा अर्थसंकल्प असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "देनार कोन आन् खानार कोन, थे पह्यले सांगा. मंग बाकीचं बोलू."

गंमत अशी की त्यांच्याच घरात एक असा माणूस होता ज्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. सरांचे थोरले भाऊ, महादेवदादा. लहानपणी कसल्याशा तापातून उठले ते बुद्धीने तिथेच राहिले. लग्न नाही, काम नाही. मोठं पांढरं डोकं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि विनोद झाल्यावर सगळ्यांचं हसून संपलं की मग हसायचं. आमच्याकडे चहाचं आधण ठेवलं की ते भिंतीपलीकडून विचारत, "झाला का वं?" मग येत, चहा पीत, कप तिथेच ठेवून जात. परत काही देणं त्यांच्या गावी नव्हतं. सरांना ते 'बाबू' म्हणत, आणि गावात सरांना बाबू म्हणणारे तेवढे एकच उरले होते. सर त्यांच्या आधी कधी जेवायला बसत नसत. दादांच्या भाताचं शीत न् शीत मऊ झालंय का हे ते बोटाने चेपून बघत. हे मी रोज बघत होते, म्हणून सरांची वर्गातली आणि पारावरची भाषणं मला बरेच दिवस खोटी खोटी, ओठांवरची वाटत आली. तिथेच माझा अंदाज चुकला.

केंद्राचा कर राज्यांत कसा वाटला जातो हा धडा सर डब्यांनी शिकवत. मधल्या सुट्टीत अख्ख्या अकरावीचे डबे टेबलावर ओतायला लावायचे. पोळ्या एकीकडे, भाज्या एकीकडे. हा झाला केंद्राचा खजिना. मग सर वित्त आयोग होत आणि वाटप करत. ज्याने कमी आणलं त्याला जास्त, ज्याने जास्त आणलं त्याला कमी. मुलं हसायची. मग ज्या मुलाने सगळ्यांत जास्त पोळ्या आणल्या होत्या त्याला उभं करून सर विचारायचे, "काय वाटतं?" तो म्हणायचा, "सर, घरून एवढ्या पोळ्या आणल्या न् एकच भेटली." "आणि उद्या?" "उद्या कमी आणीन." सर खूश होत. "बघा, असं होतं. देणाऱ्याला वीट येतो."

धडा उत्तम होता, यात शंका नाही. माझ्या मराठीच्या तासाला तसा जिवंतपणा मला कधी साधला नाही. पण त्या वर्गात एक मुलगी होती, ती रोज ज्वारीची भाकर आणि लाल तिखटाचा ठेचा आणायची. त्या दिवशी आयोगाने तिला दोन पोळ्या आणि पनीरची भाजी दिली होती, आणि मग पूर्ण वर्गाने तिच्याकडे वळून बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती सुट्टीत डबा घेऊन विहिरीमागे जायला लागली. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्याडम, आकडे कोनाचा अपमान करत नाईत." मला वाटलं, आकडे करत नसतील, पण ते मोठ्याने वाचणारा करतो. बोलले नाही, कारण सरांशी वाद घालायचा तर दुपार मोकळी हवी.

वादाला मोकळी दुपार असलेले लोक सत्तारभाईंच्या दुकानात असत. सत्तारभाई मोटारपंप दुरुस्त करायचे. दुकानापुढे एक जुना बाक, त्यावर सर आणि त्यांचं वर्तमानपत्र. अर्थसंकल्प आला की तिथे गर्दी व्हायची.

"आपन दिल्लीले रुपया धाडतो," सर सांगत, "आन् वापस येते चिल्लर. तिकडे बिहारात पाह्य, उत्तर प्रदेशात पाह्य. चिल्लर धाडतेत न् नोटा नेतेत. काहून?"

"गरिबी असन ना सर तिकडे," सत्तारभाई पंपातून मान न काढता म्हणत. "सरकार हाये म्हनल्यावर गरीबकू देखनाच पडते."

"गरिबी हाये तं मी केली काय? मले सांगा ना, मी केली काय?"

बाकावरच्या कुणीतरी एकदा विचारलं, "पन सर, हा महाराष्ट्राचा रुपया मंजे मुंबईचाच ना? आपन यवतमाळवाले कुठं काय धाडतो?"

सर असे उसळले की वर्तमानपत्र खाली पडलं. कापूस आपला, वेचणारे हात आपले, जिनिंगही इथलं. पण कंपनीचं मोठं ऑफिस मुंबईत, म्हणून कर लागतो मुंबईच्या नावावर! आणि वर विदर्भाचा अनुशेष, रस्त्यांचा, धरणांचा, तो कोण भरणार? सरांचा मुद्दा बिनतोड होता. पण मी घरी येताना मनातल्या मनात जुळवून पाहिलं. दिल्लीपुढे उभे राहिलो की आम्ही महाराष्ट्र, म्हणजे देणारे. मुंबईपुढे उभे राहिलो की आम्ही विदर्भ, म्हणजे लुटलेले. घेणारे आम्ही कुठेच नव्हतो. मी हे दुसऱ्या दिवशी सरांना बोलून दाखवलं. एरवी त्यांना असला टोमणा आवडायचा, त्या दिवशी ते हसले नाहीत.

मला आठवतं, तेव्हापासून माझ्या मनात एक पाल चुकचुकायला लागली. सरांचा तो देणार कोण, खाणार कोण हा प्रश्न एका जागी थांबत नव्हता. दिल्ली आणि राज्य झालं, मग मुंबई आणि विदर्भ, मग नागपूर आणि यवतमाळ, मग जिल्ह्यातही बागायतीचा कोणता तालुका खातो आणि कोरडवाहू कोणता मरतो. दर वेळी तो एक पायरी खाली उतरत होता. खालच्या पायरीवर आमचं गाव होतं.

आमच्याकडे तूर घरात आली की रोडगे होतात. मारुतीच्या पारामागच्या शेतात गोवऱ्यांचा आर लावायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, आणि अख्खं गाव एका पंगतीला. त्यासाठी कणीक गावातून गोळा व्हायची. पारावर एक धुतलेलं धोतर अंथरलेलं असायचं. ज्याला जमेल तेवढी कणीक त्याने पदराखाली, टोपलीखाली झाकून आणायची, धोतरावर ओतायची आणि निघून जायचं. राखणीला एक जण बसायचा, तो धोतराकडे पाठ करून. असं का, हे मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "रीत हाये." त्यापुढे काही नाही.

त्या वर्षी सर रोडग्यांच्या कमिटीवर होते. त्यांनी दुकानातून तराजू आणला. राखणीचा माणूस धोतराकडे तोंड करून बसवला आणि मारुतीच्या भिंतीवर शाळेचा जुना फळा टांगून कोणत्या पुऱ्यातून, कोणत्या आळीतून किती कणीक आली ते खडूने लिहायला लावलं. "वाईट कायले वाटाचं?" ते म्हणाले. "कोनाले कमी वाढा असं म्हनतच नाई मी. फक्त म्हाईत असू द्या."

म्हणजे झालं काय, तर जे सगळ्यांनाच ठाऊक होतं ते आता फळ्यावर लिहिलेलं दिसत होतं. खालच्या वस्तीत मजुरीवर जगणारे लोक. त्यांची कणीक कमी असणार आणि पंगतीला त्यांची माणसं जास्त असणार, यात नवल ते काय! पण संध्याकाळी वाढताना वरच्या पुऱ्यातल्या एका पोराने खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर दुसरा रोडगा टाकताना फळ्याकडे नुसतं बघितलं. म्हाताऱ्याने रोडगा उचलून परातीत ठेवला आणि उठला. त्याच्यामागे एकेक करून ती सगळी रांग उठली. भांडण नाही, आवाज नाही.

पुढच्या वर्षी खालच्या वस्तीने नाल्याकाठी आपला वेगळा आर लावला. एका गावात दोन धूर. दोन्हीकडे जेवलेला माणूस एकच, महादेवदादा. इकडे पोटभर खाऊन ते तिकडे गेले आणि तिथेही मांडी घालून बसले, आणि त्या लोकांनी त्यांना तूप जास्त वाढलं. सर बाकावर म्हणाले, "हिशोब साफ झाला. आता कोनाचं कोनावर नाई." सत्तारभाईंनी पहिल्यांदाच पंपातून मान बाहेर काढली. "सर," ते म्हणाले, "किसीका किसीपे कुछ नहीं, तो फिर गाव कायले म्हनाचं त्याले?" सरांनी लाल पेनाने पेपरवर कसली तरी खूण केली.

आता खालची पायरी घराची होती. मला हे दिसत होतं आणि सरांना दिसत नव्हतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सर निवृत्त झाले. आमचं महाविद्यालय बरीच वर्षं विनाअनुदानित होतं. अनुदान आलं तेव्हा जुनी पेन्शन बंद झालेली होती. त्यामुळे सरांच्या हाती निरोपाचा नारळ, शाल आणि थोडी पुंजी पडली. कोरडवाहू शेत बटाईने दिलेलं, त्यातून खायची तूर तेवढी यायची. घर चालायचं ते राहुलच्या पैशांवर. राहुल त्यांचा एकुलता एक, पुण्याला कंपनीत. वहिनींच्या गुडघ्यांची औषधं, दादांच्या खोलीतला कूलर, घराचा नवा स्लॅब, सगळं त्याचं. दर महिन्याला न चुकता पैसे पाठवायचा. त्याला वाईट म्हणायची माझी तयारी नाही. त्याला मी शिकवलेलं आहे, स्वच्छ मुलगा होता. फक्त तो बापाच्या मांडीवर बसून जे ऐकत वाढला ते त्याच्या हाडात मुरलं होतं.

तो मे महिन्यात आला. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. मी परसातल्या सावलीत तूर निवडत होते. भिंतीपलीकडे बापलेक लिंबाखाली खाटेवर. त्या शांततेत शब्द न् शब्द इकडे येत होता, आणि उठून आत जायचं माझ्या मनात आलं नाही.

घर आणि शेत विकायचं, पुण्यात जरा मोठा फ्लॅट घ्यायचा, आईबाबांनी तिकडे यायचं, असं राहुलचं ठरलं होतं. वहिनींना नातवाची ओढ होती, त्या केव्हाच तयार होत्या.

"आन् दादा?" सरांनी विचारलं.

"मोठ्या बाबांसाठी एक आश्रम पाहिलाय. अमरावती रोडला. चांगला आहे बाबा, मी स्वतः जाऊन आलो."

"आश्रम कायले? येईन ना तो बी."

राहुलने अगदी हळू, आदराने विचारलं. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाबा, तुम्हीच शिकवलंय म्हणून विचारतो. या घरात आज देणारा कोण आहे?"

सर म्हणाले, "तू."

"तुम्ही मला वाढवलं, शिकवलं. तुमचं न् आईचं मी करतो, ते माझ्यावर आहेच. मोठ्या बाबांनी काय दिलं, ते सांगा. मला, तुम्हाला, कुणालाही."

भिंतीअलीकडे माझा हात सुपातच राहिला. 'तो माझा भाऊ आहे,' एवढं एक वाक्य सरांनी बोलावं म्हणून मी अक्षरशः देवाचा धावा करत होते. त्याच्यापुढे राहुल काय बोलणार होता? पण ते वाक्य सरांच्या गणितात कुठे बसत नव्हतं. ते म्हणाले, "मले थोडा टाइम दे. सांगतो."

आणि मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. सर भावाने दिलेलं शोधायला निघाले. आमच्याकडे आले, लाल पेन हातात. "म्याडम, दादानं तुमचं कधी काई काम केलं असन ना? आठवून पाह्यजा." मी आठवलं. एकदा गच्चीवर पापड राखायला बसवलं होतं, तर दादांनी कावळ्यांना हाका मारमारून बोलावलं आणि स्वतःच्या हाताने चारले. एकदा गाय बांधायला सांगितली, ती त्यांनी आमच्या हरभऱ्यात नेऊन बांधली. आम्ही दोघंही हसलो. हसता हसता सर थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी भीतीच म्हणेन. आमच्या अंगणात, लख्ख दुपारी, हा ताठ माणूस घाबरला होता.

ते सत्तारभाईंकडे गेले, किराणावाल्याकडे गेले, देवळातही विचारून आले. कुठेच काही जमा निघेना. दादांनी आयुष्यभर खाल्लं होतं, झोपले होते, आणि उशिरा हसले होते.

दोन-तीन दिवसांनी सर भिंतीशी आले. डोळे तारवटलेले, पण आवाजात जुनी धार. "म्याडम, सापडलं. वित्त आयोग जंगलाचे गुन देते राज्याले. देते का नाई? जंगल काई कर भरत नाई. नुसतं उभं असते. तरी त्याच्या नावानं वाटा भेटते."

"मग?"

"मंग दादाले बी उभं राहाचे गुन देता येतीन."

हसू यावं असं वाक्य, पण ते बोलताना त्यांनी भिंतीचा काठ घट्ट धरला होता. संध्याकाळी त्यांनी ते राहुलपुढे मांडलं, अकरावीच्या वर्गात मांडायचे तसं, पुस्तकी भाषेत, मुद्देसूद. राहुलने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाबा, जंगल हवा देतं, पाणी धरून ठेवतं. म्हणून त्याचे गुण असतात. नुसतं उभं असल्याचे नसतात." पलीकडे दादा वहिनींना विचारत होते, आज वरण आंबट काहून लागते.

बातमी गावभर झाली. सत्तारभाई हात न धुताच आले, कोपरापर्यंत ग्रीस. अंगणातच उभे राहून म्हणाले, "सर, दादाले कुठं पाठवू नका. माह्याकडे राहू द्या. दुकानामागची खोली रिकामीच हाये. बसन बाकावर दिवसभर, दोन भाकरी खाईन."

मला वाटलं, सुटलो. देव माणसाच्या रूपाने येतो म्हणतात, तसं झालं. मी तर भिंतीवरून वाकून म्हणालेही, "चहाला माझ्याकडे येतीलच ते."

सर म्हणाले, "मंग मी तुमाले महिन्याचं काय देऊ?"

"काई नको. दोन भाकरीचं काय घ्याचं?"

"घ्या लागन."

"सर, मेरे भी तो दादाच हायेत ना थे. नाई घेत मी."

सरांनी सत्तारभाईंच्या ग्रीसने माखलेल्या हातांकडे बघितलं. "तेच तं जमत नाई मले, सत्तारभाई," ते म्हणाले. "फुकट कोनाचं खाऊ नाई देनार मी त्याले. आश्रमात पैशे भरून राहीन. घराचे पैशे येतीन त्यातून भरीन मी. कोनाच्या उपकारात नाई राहाचा माहा भाऊ."

सत्तारभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक हाये," आणि गेले. त्या दिवसापासून त्यांनी दुकानापुढचा बाक आत घेतला.

मला तेव्हा कळलं की सर खोटं कधीच बोलत नव्हते. ओठांवरचं वाटायचं ते सगळं आतपर्यंत गेलेलं होतं. राहुलचा हिशोब त्यांना पटला नव्हता, पण त्याला उत्तर द्यायचं तर ज्यावर आयुष्यभर उभे राहिले ती जमीनच सोडावी लागली असती. आणि कुणाचं नुसतं घ्यायचं, बदल्यात काही न देता, हे त्यांना मरणापेक्षा जड होतं. मला त्यांची दया येत होती आणि संतापही येत होता. दोन्ही अजून गेलेलं नाही.

सामानाचा टेंपो आदल्या दिवशी गेला. सकाळी राहुलची गाडी दारात उभी राहिली. आश्रमाची गाडी दुपारी येणार होती. सरांनी ती वेळ मुद्दाम मागून घेतली होती, आणि तोवर दादांपाशी थांबायला मला सांगितलं होतं. दादांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा बघते तर दादा गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. नवा शर्ट, केसांना पाणी लावून भांग, मांडीवर कपड्यांची पिशवी. चेहरा नुसता फुललेला.

राहुल मागच्या दाराशी थांबला. "बाबा, तुम्ही सांगा," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. वहिनी आधीच मागे बसून पदरात तोंड घालून रडत होत्या.

सर पुढच्या दाराशी गेले. वाकले. मी चार पावलांवर होते.

"दादा," ते म्हणाले, "उतर. जागा कमी हाये. तू दुसऱ्या खेपेले ये."

आमच्याकडे लग्नाला जायचं तर एकच गाडी दोन खेपा करते. आधी नवऱ्याकडची मोठी माणसं जातात, मग उरलेले. दादा जन्मभर सगळ्या लग्नांना दुसऱ्या खेपेलाच गेलेले. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट चूक आपलीच झाली असं वाटून ते लगबगीने उतरले, पिशवी काखेत मारली आणि सरांसाठी दार धरून उभे राहिले. "बस बाबू, बस," म्हणाले.

सर पुढे बसले नाहीत. ते मागे वहिनींच्या शेजारी गेले. काच वर होती. गाडी माझ्या समोरून गेली तेव्हा ते सरळ समोर बघत होते, हात दोन्ही गुडघ्यांवर, पाठ सीटला न टेकवता ताठ. मी हात वर केला, त्यांनी केला नाही. पाराशी गाडी वळली. त्यानंतर मी सरांना पाहिलेलं नाही.

दादा पायरीवर बसून राहिले. चहा दिला तो घेतला. जेवायला बोलावलं तर म्हणाले, नको, गाडी यीन. ऊन पायरीवर आलं तरी उठेनात, म्हणून मी त्यांच्या डोक्यावर माझी छत्री धरून उभी राहिले. दुपारी आश्रमाची पांढरी गाडी आली. कुणी काही बोलायच्या आत दादा उठले, पुढचं दार उघडून आत बसले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "चाल रे भाऊ, लवकर हाक. बाबू वाट पाहून राह्यला असन."